सत्ताविसावा प्रश्न

खोटा फॉर्म मल्लव्वाला नुसत्या वासावरून कळतो, असं ऑफिसात सगळे गमतीनं म्हणायचे. त्यात गंमत थोडीच होती. कोल्हापुरातल्या एका संशोधन संस्थेत ती चौदा वर्षं तपासनीस होती. गणक गावं पालथी घालून फॉर्म भरून आणायचे, आणि त्यांचे आकडे व्हायच्या आधी ते मल्लव्वाच्या टेबलावरून जायचे. घरी पंख्याखाली बसून भरलेला फॉर्म ती बोटांनीच ओळखायची. त्याला घडी नसते, शाई पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका रंगाची असते, आणि उत्तरं कशी कवायतीला उभी केल्यासारखी सरळ. खऱ्या फॉर्मला हळदीचं बोट लागलेलं असतं, कोपरा कुणाच्या तरी लेकरानं चघळलेला असतो, मध्येच पेन संपून पेन्सिल आलेली असते.

म्हणूनच १९८२ च्या डिसेंबरात नजीराच्या फॉर्मांनी तिला पेचात टाकलं.

पाहणी होती स्त्रियांच्या सुरक्षिततेची. त्या दोन-तीन वर्षांत बलात्काराच्या कायद्यावरून वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येत होते, शहरांतून मोर्चे निघत होते, आणि पुण्यातल्या एका समितीला खेड्यापाड्यांतले आकडे हवे होते. प्रश्नावली पुण्यात इंग्रजीत तयार झाली. संस्थेचे प्रमुख आकाराम सर यांनी ती मराठीत आणली. चाळीस प्रश्न. पाण्यासाठी किती लांब जावं लागतं, परसाकडला एकटीला जावं लागतं का, एसटीत त्रास होतो का, असं करत करत सत्ताविसावा प्रश्न यायचा: ‘आपल्यावर कधी बलात्कार झाला आहे काय, अथवा आपल्या संमतीविना आपल्याशी शरीरसंबंध ठेवण्यात आला आहे काय?’ पुढे दोन चौकटी. होय. नाही.

सहा बायका गणक म्हणून नेमल्या होत्या. पहिल्या फेरीत प्रत्येकीनं ऐंशी फॉर्म आणले. पाचजणींचे मिळून चारशे फॉर्म मल्लव्वानं तपासले. सत्ताविसाव्या प्रश्नाला ‘होय’ होते तीन.

एकट्या नजीराच्या ऐंशीत होते चौदा.

“चौदा?” आकाराम सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “शाहूवाडीच्या डोंगरात काय सगळे राक्षसच राहायला गेलेत होय?”

“फॉर्म खोटे वाटत नाहीत, सर,” मल्लव्वा म्हणाली. “धुराचा वास येतोय त्यांना. एकाला शेणाचा अंगठा लागलाय.”

“फॉर्म खरे असतील. उत्तरं तिच्या मनची असतील. पेपरात वाचून डोक्यात भरलं असेल. तुम्ही जाऊन बघून या. नाहीतर ऐंशीच्या ऐंशी बाजूला काढू.”

नजीरा गारगोटीची. वय तिशीच्या आसपास. बालवाडी चालवायची आणि सुट्टीत असली कामं करायची. बाप फक्रुद्दीन मणेर. आठवड्याच्या बाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान लागायचं आणि आई गावोगाव फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरायची. पोरगी आईच्या मागं पेटी घेऊन फिरलेली. मुलाखतीच्या वेळी ती मल्लव्वाला जरा जास्तच बोलकी वाटली होती. बोलकी माणसं फॉर्म नीट भरत नाहीत, असा तिचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मल्लव्वा मलकापूरला उतरली. नजीरा स्टँडवर उभीच होती. खांद्याला शबनम, पायात रबरी चपला. “या अक्का,” म्हणाली, आणि चौकशीला माणूस पाठवलंय हे ठाऊक असूनही अवघडल्याचं नावच नाही. दोघी तासभर चढ चढून, जिथले फॉर्म अजून व्हायचे होते अशा एका वाडीत गेल्या. भाताची मळणी नुकतीच आटपली होती. खळ्याखळ्यावर पेंढ्याच्या गंजी होत्या. वाटेत मल्लव्वानं बजावलं, “मी नुसती बसणार. तू रोजच्यासारखं काम करायचं. आणि प्रश्न छापलाय तसाच विचारायचा.”

“इचारती की. छापलाय तसाच इचारती,” नजीरा म्हणाली.

पहिलंच घर तानाबाईचं. पस्तिशीची बाई, हाडापेरानं मजबूत. सोप्यावर सासू तांदूळ पाखडत बसलेली. तिचे कान सुनेकडेच. नजीरानं आधी सासूला पाच-सहा प्रश्न विचारले. घरात माणसं किती, जमीन किती, विहीर कुणाची. म्हातारी खुलली. मग नजीरा एकदम उठली.

“मावशी, जनावरं मोजायची ऱ्हायली. तानाबाई, दाव की मला गोठा.”

प्रश्नावलीत जनावरांचा प्रश्न नव्हता. हे मल्लव्वाच्या ओठांवर आलं होतं; ते गिळून ती मुकाट्यानं मागं गेली.

गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि एक आजारी वासरू. तानाबाई वासरापाशी बसली, त्याच्या मानेखाली खाजवू लागली. नजीरा समोर उकिडवी बसली आणि एकेक प्रश्न विचारत गेली. सत्ताविसावा आला तेव्हा तिनं कागद वर धरला आणि अक्षर न् अक्षर वाचलं. बलात्कार. संमतीविना. शरीरसंबंध.

तानाबाईचा चेहरा दगड झाला. “न्हाय बाई. आमच्या घराण्यात असलं काय न्हाय.”

नजीरानं ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. ती मल्लव्वाला दिसेल अशी केली. मग कागद मांडीवर पालथा घातला, पेन टोपणात बसवलं आणि वासराकडं बघत म्हणाली, “बरं, एक सांग. असं कधी झालं का गं, की तू नको म्हणत हुतीस, आन् समोरच्यानं ऐकलंच न्हाय?”

तानाबाईचा हात थांबला. बाहेर सासूच्या सुपाचा आवाज येत होता. म्हशीनं शेपटी आपटली. मल्लव्वाला वाटलं, आता नजीरा दुसरा प्रश्न टाकेल, धीर देईल, हात धरेल. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. जणू वासराला बरं वाटतंय का नाही, हे बघायलाच ती आली होती.

“ते व्हय,” तानाबाई हळूच म्हणाली. “ते झालंय की.”

“कवा?”

“धाकटी पोरगी पोटात ऱ्हायच्या आदी. ह्यांचा चुलतभाऊ. खळ्यावर राखणीला हुता, मी भाकरी घिऊन गेलतो. नको म्हटलं, चावलो, त्याच्या हाताला वण हाय अजून. ताकद पुरी पडली न्हाय माझी.” ती थांबली. “सणासुदीला येतो घरी. मी वाढतो त्याला.”

“मग मघाशी न्हाय म्हटलीस ते?”

तानाबाईनं खरोखरच नवल वाटून तिच्याकडं पाहिलं. “तू बलात्कार इचारलास. ते पेपरात येतं, पोलिस येतात, कोर्ट होतं. पोरीला फास घ्यावा लागतो. माझं तसलं काय न्हाय.”

“मग तुझ्याला काय म्हणायचं?”

“त्याला काय नाव हाय?” तानाबाई म्हणाली. “त्याला नाव न्हाय.”

मल्लव्वा गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिनं आजवर हजारो फॉर्म तपासले होते. ‘नाही’ची खूण म्हणजे घडलं नाही, इतकं सरळ ती धरून चालली होती. चुकीचं उत्तर, खोटं उत्तर, लाजेनं दिलेलं उत्तर तिला ठाऊक होतं. पण ही बाई खोटं बोलली नव्हती. लाजून ‘नाही’ म्हणालीही नव्हती. तिला विचारलं त्याचं तिनं अगदी खरं उत्तर दिलं होतं.

संध्याकाळपर्यंत दोघींनी पाच घरं केली. परतीची एसटी मलकापूरहून सुटली तेव्हा मल्लव्वानं तोंड उघडलं.

“प्रश्न बदलायचा नसतो, नजीरा. तू एकीला एक विचारणार, कागलला गेलेली गणक विठाबाई दुसरंच विचारणार. मग दोघींची बेरीज कशी करायची? आणि तू त्या चौदाजणींच्या फॉर्मवर ‘होय’ कसं लिहिलंस? छापलेल्या प्रश्नाला त्या ‘नाही’ म्हणाल्या होत्या. ही चूकच आहे.”

“चूक हाय,” नजीरानं लगेच मान्य केलं. “पर अक्का, चौकटी दोनच हुत्या. बाईनं आठ-धा वर्सं कुणाला न सांगितलेलं मला सांगितलं. ते मी कुठं ठेवायचं? ‘न्हाय’मधी?”

मल्लव्वानं मांडीवरच्या फॉर्मांच्या कडा जुळवल्या.

“आन् ते संमती,” नजीरा सांगू लागली. “बनाबाई म्हणून एक म्हातारी. ती म्हटली, संमती म्हंजे शाळंच्या कागदावर अंगठा लावत्यात ते न्हवं? दुसरी म्हटली, संमती बापानं दिली, सुपारी फुटली तवाच. मी सहा गावं फिरले अक्का, ह्यो शब्द एकीच्याबी तोंडात न्हाय. ‘नको’ मातर सगळ्यांच्या तोंडात हाय.”

“हे तुला कुणी शिकवलं? असं विचारायचं?”

नजीरा हसली. “शिकवलं कुठं. आई बांगड्या भरायची, मी पेटी धरून बसायची. फुटल्या बांगड्या घिऊन बाई यायची. आईनं कधी ‘का फुटल्या’ म्हणून इचारलं न्हाय. ‘कुठं हुतीस तवा?’ म्हणायची. ‘का’ म्हटलं की बाई सांगती, पाय घसरला. ‘कुठं हुतीस’ म्हटलं की सांगाय लागती. हात आईच्या हातात असायचा न्हवं, पळून तरी कुठं जाणार.”

बांबवड्याच्या फाट्यावर गाडी थांबली. माणसं चढली, उतरली. मल्लव्वा खिडकीबाहेर पाहत होती. शिकलेल्या माणसांच्या तीन बैठका झाल्या होत्या त्या प्रश्नावर. ‘अथवा’ ठेवायचं की ‘किंवा’, यावर अर्धा तास गेला होता, आणि त्यात तीही होती.

मात्र मल्लव्वा नुसत्या भारावण्यावर काम करणारी बाई नव्हती. रात्रभर झोपून सकाळी उठली तेव्हा तिच्या डोक्यात एक शंका होती. हे चौदा कुणाचे? नव्या प्रश्नाचे, की नजीराचे? नजीरापाशी बाई बोलते, हे तर डोळ्यांनी पाहिलं होतं. पण प्रत्येक तालुक्यात काही नजीरा नसते. प्रश्नातच दम असेल तर तो विठाबाईच्या तोंडूनही चालायला हवा. विठाबाई त्यांच्यातली सगळ्यात झटपट गणक. आवाज खणखणीत, दिवसाला आठ फॉर्म, आणि तिच्या ऐंशी फॉर्मांत सत्ताविसाव्याला एकही ‘होय’ नव्हता.

ती आकाराम सरांपुढं जाऊन उभी राहिली. “अजून चारशे फॉर्म व्हायचेत, सर. विषम नंबरच्या फॉर्मवर जुना प्रश्न ठेवू, सम नंबरच्यावर नवा. त्याच सहाजणी, तीच गावं. एका घरी जुना, पुढच्या घरी नवा. काय होतं ते बघू.”

“आणि पुण्याला काय सांगू? आम्ही तुमची प्रश्नावली मोडली म्हणून?”

“मोडली नाही, तपासली म्हणून सांगा. तराजू खोटा आहे असं वाटलं, तर माल परत मोजतोच की आपण.”

सर चिडके होते, पण माणूस सच्चा. बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, “आणि त्या नजीरानं प्रश्नच असा विचारला की समोरची हो म्हणणारच, तर?”

“तीच माझीही भीती आहे. म्हणून जिनं हो म्हटलं तिच्याच शब्दांत काय झालं ते एका ओळीत लिहायचं. नाव नाही, गाव नाही. ती ओळ मी वाचणार आणि तुम्ही वेगळी वाचणार. दोघांनाही पटलं तरच धरायचं.”

“नवरा धरायचा का?” सरांनी विचारलं. “कायद्यात तो बसत नाही.”

“आपण कायदा मोजत नाही, सर. बायकांना काय झालं ते मोजतोय. वेगळ्या ओळीत लिहू. ज्याला वगळायचं तो वगळेल.”

नवा प्रश्न लिहायला मल्लव्वा आणि नजीरा दोन दिवस ऑफिसच्या मागच्या खोलीत बसल्या. नजीरा एक वाक्य म्हणायची, मल्लव्वा त्यातलं उत्तर सुचवणारं काही असेल ते खुडून टाकायची. “कुणी जबरदस्ती केली का” हे मल्लव्वानं काढलं, कारण त्यात गुन्हेगार आधीच उभा राहत होता. “मनाविरुद्ध” हे नजीरानं काढलं, कारण मन कुणी विचारतच नाही, मग त्याच्या विरुद्ध काय? अंगाला हात लावणं आणि पुढचं सगळं, हे वेगवेगळं विचारायचं ठरलं. घरातला, ओळखीचा, परका, नवरा, हे नंतर विचारायचं. शेवटी उरलं ते चार साध्या ओळींचं होतं, आणि त्यात एकही शब्द असा नव्हता जो तानाबाईच्या गोठ्यात परका वाटला असता.

“आता कुणावर तरी करून बघायला पायजे,” नजीरा म्हणाली.

“माझ्यावर कर,” मल्लव्वा म्हणाली. हे तिनं अगदी सहज म्हटलं होतं. बोली नीट जमतेय का, एवढंच बघायचं होतं.

नजीरानं पेन खाली ठेवलं. “अक्का, असं कधी झालं का, की तुमी नको म्हणत हुता, आन् समोरच्यानं ऐकलं न्हाय?”

मल्लव्वाचं माहेर गडहिंग्लजकडचं, घरात कन्नड बोलणारं. तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी कर्नाटकाच्या सीमेपलीकडच्या एका चांगल्या व्यापारी घरात झालं होतं. पाच वर्षांनी नवरा काविळीनं गेला आणि भाऊ सिद्धाप्पा तिला कोल्हापूरला घेऊन आला. त्यानंच पुढं शिकवलं. नवरा वाईट होता असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. दारू नाही, मारहाण नाही. माहेरी गेल्यावर आई, तिची अव्वा, विचारायची, “सुखी आहेस ना?” आणि ती “हो” म्हणायची. महिनाभरापूर्वी तिनंच या प्रश्नावलीचं प्रूफ वाचलं होतं. सत्ताविसाव्या प्रश्नावर तिची नजर फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत फिरली होती.

“व्हय,” ती म्हणाली. ऑफिसात ती कधी अशी बोलत नसे. “नवरा. पहिली दोन वर्षं. मी नको म्हणायची. मग म्हणायचं सोडून दिलं.”

नजीरानं फक्त मान हलवली आणि थांबली, गोठ्यात थांबली होती तशीच. मल्लव्वाला तेव्हा कळलं, हे थांबणं काय असतं ते. तिच्यासाठी जागा करून दिल्यासारखं होतं ते. घाई नाही, कीव नाही. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उचलल्यासारखं झालं. तिनं पदरानं कपाळ टिपलं.

“प्रश्न चालतोय,” ती म्हणाली. “फक्त ‘नको म्हणत हुता’ म्हटल्यावर जरा थांब. ‘आन्’ लगेच म्हणू नकोस.”

“बरं, अक्का,” नजीरा म्हणाली, आणि तसं कागदावर लिहून घेतलं.

जानेवारीत दुसरी फेरी सुरू झाली. त्याआधी एक पूर्ण दिवस नजीरानं बाकीच्या पाचजणींना शिकवलं. मल्लव्वा मागच्या बाकावर बसली होती. नजीरानं भाषण केलं नाही. तिनं दोघीदोघींना समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, एकमेकीला प्रश्न विचारा आणि मग पंधरा आकडे मनात मोजा, तोवर तोंड उघडायचं न्हाय. विठाबाईला सातापर्यंतही जमेना. सगळ्या हसल्या. नजीराही हसली आणि म्हणाली, “विठाबाई, तुमचा आवाज बाजारात चालतोय. गोठ्यात म्हस उठती.” चौथ्या खेपेला विठाबाईला जमलं. आणखी एक गोष्ट नजीरानं पाचपाचदा घोकून घेतली: बाई बोलली नाही, तर नाही. ओढायचं नाही. आणि जी बोलली, तिला एकटीला सोडून तसंच उठायचं नाही; चहा प्यायचा, लेकराचं विचारायचं, मग निघायचं. हे कुठल्याही प्रशिक्षणाच्या वहीत मल्लव्वानं वाचलेलं नव्हतं. तिनं ते आपल्या वहीत उतरवून घेतलं.

आठव्या दिवशी विठाबाई ऑफिसात आली ती फॉर्मांचा गठ्ठा मल्लव्वाच्या टेबलावर आपटूनच. डोळे लाल झाले होते.

“सम नंबरचे धा फॉर्म केले, तिघी बोलल्या,” ती म्हणाली. “एक तर माझ्या मावशीच्या गल्लीतली. मी त्या गल्लीत लहानाची मोठी झालो, बाई. आन् मागच्या म्हैन्यात मी ऐंशी बायकांस्नी ते दुसरं इचारत फिरलो. ऐंशीजणी! त्यांस्नी मी काय इचारलं मग?”

“छापलेलं विचारलंस. चूक आमची होती,” मल्लव्वा म्हणाली आणि तिला खुर्ची दिली. विठाबाई बसली, पाणी प्यायली, आणि पुन्हा कागलची गाडी धरायला निघून गेली. त्या फेरीत तिनं दिवसाला तीनच फॉर्म केले.

फेब्रुवारीच्या अखेरीस चारशे फॉर्म पुरे झाले. आकाराम सर आणि मल्लव्वा वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्या एकेक ओळी वाचत गेले. “दाजी आलता, घरात कोण न्हवतं.” “शेताच्या मालकानं.” “नवऱ्यानं, बाळंतपणाला महिना व्हायच्या आत.” दुपारी सर बाहेर आले आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. चहा आला, गार झाला.

जुन्या प्रश्नाला दोनशेत दोन ‘होय’ आले. नव्याला एकोणतीस.

त्या एकोणतिसांतले पाच मल्लव्वानंच वगळले. एकीनं बांधावरच्या भांडणातली धक्काबुक्की सांगितली होती, दोघींनी सासूचा मार, एकीनं चोरीचा प्रसंग. पाचवीवरून नजीरा तिच्याशी अर्धा तास भांडली. त्या बाईनं फक्त “त्या दिवसाचं मला बोलायचं न्हाय” एवढंच सांगितलं होतं.

“एवढं ऐकूनबी तुमाला कळत न्हाय?” नजीराचा आवाज चढला.

“मला कळतं गं. पण कळणं आणि मोजणं वेगळं. उद्या पुण्यात कुणी ही ओळ वाचून हसला, तर बाकीच्या चोवीसजणींवर पाणी पडेल. तिला मी बाहेर ठेवते ती त्यांच्यासाठी.”

नजीरानं तो फॉर्म उचलून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, “वगळा. पर तिचा फॉर्म फाडू नका.” मल्लव्वानं तो फॉर्म वेगळ्या पाकिटात ठेवला.

चोवीस उरले. दोनशेत चोवीस. त्यांतले अकरा नवरे, नऊ नात्यातले किंवा ओळखीचे, चार परके. आणि सहाही गणकांच्या फॉर्मांत ते विखुरलेले होते. नजीराचे जरा जास्त, विठाबाईचे तिच्या खालोखाल. माल तोच होता. तराजू बदलला होता.

पुण्याच्या बैठकीला आकाराम सर गेले आणि मल्लव्वाला बरोबर घेऊन गेले. समितीत सात माणसं होती. एका गृहस्थांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात गुन्हे बारापट वाढले, असं छापायचं का आम्ही? जिल्ह्याची काय अब्रू राहील?”

आकाराम सर उभे राहिले. त्यांचं मराठी एरवी पुस्तकी असायचं, पण त्या दिवशी ते सुटलं. “वाढले न्हाईत साहेब. हुतेच. आम्ही इचारायला चुकलो. तो पहिला प्रश्न मी लिहिलाय, माझ्या हातानं. एम.ए. झालोय, तीस वर्षं शिकवतोय. आणि बालवाडीच्या एका बाईनं मला दाखवलं, की मी माणसाला कळेल असं इचारतच न्हवतो. दोन्ही तक्ते छापा. आणि दोन्हींच्या डोक्यावर प्रश्न पुरेपूर छापा, शब्द न् शब्द. वाचणाऱ्याला कळू दे, आकडा कुठनं आला ते.”

समितीतल्या एक वयस्क बाई, ज्या तोवर काही बोलल्या नव्हत्या, त्यांनी तो चार ओळींचा प्रश्न हळू आवाजात वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. “छापायला पाहिजे,” त्या म्हणाल्या.

छापलं, पण परिशिष्टात, बारीक टायपात, एकशे बाराव्या पानावर. मुख्य अहवालात जुनाच आकडा गेला. मल्लव्वाला वाईट वाटलं. नजीराला तितकं वाटलं नाही. “छापलंय न्हवं? बास की,” ती म्हणाली. परिशिष्टाच्या तळाशी सरांनी हट्टानं एक ओळ घालून घेतली होती: ‘प्रश्नाची फेररचना — नजीरा फक्रुद्दीन मणेर, बालवाडी शिक्षिका, गारगोटी.’ फक्रुद्दीननं ते पान बाजारातल्या दुकानात आठवडाभर ठेवलं. पान कशाबद्दल आहे हे विचारणाऱ्यांना तो म्हणायचा, “सरकारला इचारायला येत न्हवतं. पोरीनं शिकवलं.”

एकशे बारावं पान कुणी वाचेल असं मल्लव्वाला वाटलं नव्हतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचं पत्र आलं. आमच्याकडच्या बायकांना हेच विचारायचं आहे, कन्नडमध्ये करून मिळेल का? मल्लव्वानं नजीराला निरोप धाडला.

नजीरा दुपारच्या गाडीनं आली. मागच्या खोलीत दोघी पुन्हा बसल्या. मल्लव्वानं पहिलं वाक्य कन्नडमध्ये लिहून वाचून दाखवलं. नजीराला कन्नड कामापुरतंच यायचं, पण ती डोळे मिटून ऐकत होती.

“‘नको’ला काय म्हटला?”

“बेडा.”

“हे बाईच्या तोंडातलं हाय का पुस्तकातलं?”

“तोंडातलं. अव्वाच्या तोंडातलं,” मल्लव्वा म्हणाली. “पण मधला हा शब्द मला खटकतोय. आमच्याकडच्या बायका असं म्हणत नाहीत. थांब.” तिनं ओळ खोडली, पेनाचं टोक दातांत धरलं आणि गडहिंग्लजकडच्या आपल्या चुलत्या, मावश्या, शेजारणी एकेक करून आठवू लागली. त्या रागावल्या की काय म्हणायच्या, घाबरल्या की काय म्हणायच्या. नजीरा घाई न करता समोर बसून राहिली.